काठावरून



दिवसभराची नोकरी आटोपून, शेतातून परतून किंवा मुले झोपल्यानंतर तुम्ही ही पाने उघडली असतील. मीही तुमच्यासारखाच उशिरा शिकलेला माणूस आहे. प्राथमिक शिक्षकाची नोकरी सांभाळून मी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. त्या तीन वर्षांत मी आणखी एक गोष्ट शिकलो. तिचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तिच्या पहिल्याच परीक्षेत मी वाईट रीतीने नापास झालो. ती गोष्ट म्हणजे काठावर उभे राहून गळाने मासा धरणे. तुमच्यापैकी कोणाला हा नाद लावून घ्यायचा असेल, तर सुरुवात कशी करावी हे मी येथे सांगणार आहे; आणि माझ्या हातून काय चुकले, हेही सांगणार आहे.

२०१३ च्या जून महिन्यात माझी बदली अजिंठ्याजवळच्या एका गावी झाली. अजिंठा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लेणी येतात; परंतु ज्या गावावरून लेण्यांना नाव पडले ते अजिंठा गाव लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर अलीकडे, घाटमाथ्यावर आहे. घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला गेले की वाघूर नदीचे खोरे लागते. या नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेत कातळ कापला आणि त्या कातळात माणसांनी पुढे लेणी कोरली. अजिंठ्याचा डोंगर हा पाण्याची वाटणी करणारा एक मोठा बांधच आहे. उत्तर उतारावरचा पाऊस वाघुरेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेच्या पठारावरचा पाऊस पूर्णेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जातो. आमचे गाव दक्षिणेच्या पठारावर होते.

गावाबाहेर एक पाझर तलाव होता. १९७२ च्या दुष्काळात सरकारने जी कामे काढली, त्यांतलेच हे एक काम. गावातील वृद्ध माणसे त्याला ‘दुष्काळी तळं’ म्हणत. मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी खाऊन त्यांनी तेथे टोपल्या वाहिल्या होत्या, भराव घातला होता. चाळीस वर्षांत भरावावर बाभळी वाढल्या, एका बाजूला पाणकणसे माजली आणि उथळ पाण्यात बेशरमाची झुडपे पसरली. आमचे घर दोन खोल्यांचे; त्यात मुलांचा अभ्यास, दूरदर्शन संच आणि येणारे-जाणारे. म्हणून शाळा सुटल्यावर मी अभ्यासाची पुस्तके पिशवीत घालून तलावावर जाऊ लागलो.

तेथे रोज एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसलेले असत. ते भोई समाजाचे आणि तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे होता तिचे जुने सभासद. सारे गाव त्यांना आप्पा म्हणे. पहिले आठ-दहा दिवस आम्ही एकमेकांकडे केवळ मान हलवत होतो. एके संध्याकाळी मी पुस्तक मिटून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. ते मागे न वळता म्हणाले, “गुरुजी, जरा मागं सरता का? तुमची सावली पाण्यात पडली.”

मित्रहो, तो माझा पहिला पाठ. काठावर उभ्या असलेल्या माणसाला वाटते की मासा पाण्याखाली आहे, त्याला बाहेरचे काय दिसणार? परंतु माशाला काठावरची हालचाल दिसते आणि जमिनीवर आपटलेल्या पावलाचा धक्काही जाणवतो. म्हणून ऊन कोठून येत आहे ते पाहून बसण्याची जागा निवडावी. पाण्याशी जाताना पावले हलकी टाकावीत. झुडपाआड किंवा झाडाच्या सावलीत बसावे. पोहोचताच गळ टाकण्याची घाई करू नये. पंधरा-वीस मिनिटे पाणी पाहावे. कोठे बुडबुडे येतात, कोठे पाणकणीस वाऱ्याशिवाय हलते, खंड्या कोणत्या फांदीवरून पुन्हापुन्हा सूर मारतो, या खुणा पाहाव्यात. जेथे लहान मासळी असते, तेथे तिला खाणारी मोठी मासळीही असते. पहिला पंधरवडा मी हातात काठी न धरता केवळ पाहिले. आप्पांनी मला तसे सांगितले नव्हते. त्यांनी मला काठी दिलीच नाही, इतकेच.

आषाढ लागला तेव्हा त्यांनी वेळूची एक दहा फुटी काठी माझ्यापुढे टाकली. “गळानं धरा. जाळं मात्र लावू नका,” ते म्हणाले. या वाक्यात परवानगीही होती आणि तिची मर्यादाही. तुम्ही सुरुवात कराल तेव्हा ही गोष्ट आधी उरकून घ्या. बहुतेक तलावांतील आणि धरणांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने एखाद्या सहकारी संस्थेकडे दिलेला असतो. त्या पाण्यात बीज सोडण्याचा खर्च त्या संस्थेने केलेला असतो आणि तिच्या सभासदांचे पोट त्यावर चालते. आपण हौसेने जाणारे. तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकू नये. लेण्यांच्या परिसरासारख्या संरक्षित ठिकाणी तर तो विचारही मनात आणू नये.

साधन फार लागत नाही. वेळूची लवचिक काठी, तिच्या शेंड्याला काठीइतक्याच लांबीचा तंगूस, त्याच्या टोकाला लहान गळ, गळाच्या वीतभर वर शिशाचा हरभऱ्याएवढा मणी आणि त्याहून वर तरंगणारे काहीतरी. शहरातील दुकानात प्लास्टिकचे रंगीत बोंडूक मिळते. आप्पा ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा वापरत. बाजारात रीळ लावलेल्या फायबरच्या काठ्याही मिळतात, परंतु पहिल्या वर्षी साधी काठीच बरी. तिच्यामुळे नजर जवळच्या पाण्यावर राहते, आणि बहुतेक मासे काठाजवळच असतात. लांब फेकता येऊ लागले की नवशिक्या माणूस पायाजवळचा मासा सोडून तलावाच्या मध्यावर गळ फेकत राहतो.

गाठ मात्र नीट शिकावी. तंगुसाचे टोक गळाच्या छिद्रातून ओवून घ्यावे, मूळ दोऱ्याभोवती त्याला पाच-सहा वेढे द्यावेत, मग ते टोक छिद्रालगतच्या पहिल्या फटीतून घालावे आणि गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळावी. कोरडी गाठ घासून तापते आणि तेथेच दोरा कमजोर होतो. माझ्या पहिल्या तीन गाठी सुटल्या. एकदा तर मासा गळासकट गेला, तेव्हा आप्पा म्हणाले, “तुमच्या गाठीचं त्याला आता जन्मभर ओझं.” तेव्हापासून प्रत्येक गाठ मी दोनदा ओढून पाहतो.

आमिषासाठी पावसाळ्यात गांडूळ पुरते. उकिरड्याच्या कडेला मूठभर माती उकरली की मिळते. इतर दिवसांत कणकेची गोळी चालते. मृगळ तळाजवळ खातो, म्हणून त्याच्यासाठी आमिष खाली पोहोचेल असा धांडा वर सरकवावा लागतो. चिलापी बहुधा काठालगत कोठेही येते आणि नवशिक्याला तीच पहिल्यांदा पावते. धांडा एकदा-दोनदा नुसता थरथरला तर हात हलवू नये; मासा तेव्हा चाखत असतो. धांडा तिरपा होऊन सरकू लागला किंवा सरळ बुडाला, की मनगटाने हलका झटका द्यावा. झटका म्हणजे उपटणे नव्हे. माझ्या पहिल्या चिलापीला मी इतक्या जोराने उपटले की ती डोक्यावरून जाऊन मागच्या बाभळीत अडकली. आप्पांना हसू आवरेना, आणि मलाही.

मी मराठीचा विद्यार्थी, त्यामुळे काठावर बसल्याबसल्या शब्दही मनात येत. आपण एखाद्याला गळ घालतो, एखादा आपल्या गळाला लागतो, कोणी कोणाला आमिष दाखवतो, तर कोणी कोणाचे पाणी जोखतो. रोजच्या बोलण्यातील हे प्रयोग मी लहानपणापासून वापरत आलो होतो. त्यांच्यामागे एक काठी, एक दोरा आणि एक पाणवठा आहे, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. त्या वर्षी आम्हाला मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ अभ्यासाला होता. त्यात ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचे नाव आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ. त्यात मराठीचे जुने नमुने सापडतात म्हणून आपण त्याचे नाव पाठ करतो. परंतु त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ही आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, दोरा आणि काठी कशी असावी, मासे एका जागी यावेत म्हणून त्यांना आधी कसे खाऊ घालावे, याची माहिती राजाने दिली आहे. मी हे मोठ्या उत्साहाने आप्पांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “राजा सोता बसत हुता का काठाला?” मी म्हटले, बसत असावा. “मग त्याला बी वाट बघावी लागली असंल,” ते म्हणाले आणि पुन्हा धांड्याकडे पाहू लागले.

आता मरळीकडे येतो. चिलापी, रोहू हे मासे धरता येऊ लागले की काठावरच्या माणसाला मरळीचे वेध लागतात. अमेरिकेत काठावरून मासेमारी करणाऱ्यांना ‘बास’ नावाच्या माशाचे जे वेड असते, तेच आपल्याकडे मरळीचे. हिरवट अंगाचा, मोठ्या जबड्याचा तो बास बुडालेल्या ओंडक्याआड किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झेप घेतो. आपली मरळ गोत्राने त्याच्यापासून फार दूरची, परंतु शिकारीची रीत तीच. सापासारखे लांबट डोके, गडद पाठ, तोंडात तीक्ष्ण दात. बासासाठी तिकडे तयार झालेले रबरी बेडूक आता आपल्या बाजारातही मिळतात आणि मरळही त्यांच्यावर तुटून पडते. आप्पा खरी बेडकी वापरत.

मरळीची एक खूण तिला इतर माशांपासून वेगळी करते. कल्ल्यांखेरीज हवा साठवून श्वास घेण्याची सोय तिच्या डोक्यात असते, म्हणून ती मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते. स्थिर पाण्यावर ‘डुब्’ असा आवाज होतो आणि एक वर्तुळ उमटते. सकाळी आणि सायंकाळी उथळ, कोमट, झुडपांच्या पाण्यात ही वर्तुळे शोधावीत. एक वर्तुळ दिसले की लगेच त्यावर आमिष फेकू नये. ते थोडे पलीकडे टाकून हळूहळू त्या जागेवरून ओढत आणावे. मरळीने झेप घेतली की लगेच झटका न देता एक दीर्घ श्वास जाऊ द्यावा. तिने आमिष तोंडात वळवून घेतले की मग दोरा ताणावा. दोरा जाड हवा, कारण पकडलेली मरळ सरळ झुडपात शिरते.

हे सारे मला श्रावणापर्यंत ठाऊक झाले होते. एवढे ठाऊक झाले की माणसाला आपण शिकलो असे वाटू लागते.

ऑगस्टमध्ये आप्पा पंधरा दिवसांसाठी लेकीकडे भोकरदनला गेले. एके संध्याकाळी बेशरमाच्या झुडपांपाशी मला पाण्यावर एक तांबूस डाग दिसला. सुपाएवढा तो डाग आतून उकळल्यासारखा बुदबुदत होता. निरखून पाहिले तर बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी शेकडो नारिंगी पिल्ले एकमेकांना चिकटून पोहत होती. ती एकाच वेळी वर येत, हवा घेत आणि एकाच वेळी खाली जात. त्यांच्या खाली एक काळी, जाड सावली होती. मी मरळ ओळखली. बेडकी लावलेला गळ मी त्या पिल्लांच्या कडेला टाकला आणि दीर्घ श्वास घेण्याचीही वेळ आली नाही. पाणी फुटले आणि काठी वाकली.

ती मरळ दोन किलोंच्या वर भरली. मी ती काठीला टांगून गावातून मिरवत नेली. लोकांनी वाटेत थांबवून पाहिली, कोणी मोबाइलवर फोटो काढला. शाळेतील सहकाऱ्यांना त्या रात्री जेवायला बोलावले. इतक्या लवकर गुरुजी तयार झाले, असे सगळे म्हणाले आणि मला ते खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या झुडपांपाशी गेलो. तांबूस डाग होता, पण विस्कटलेला. दुसरी एक मरळ काही काळ त्याच्या आसपास फिरताना दिसली. खंड्या बाभळीवरून एकामागून एक सूर मारत होता. एक बगळा उथळ पाण्यात उभा होता आणि मान खालीवर करत होता. तिसऱ्या दिवशी डाग ताटलीएवढा राहिला. आठवड्याने तेथे काहीच उरले नाही.

आप्पा परत आले तेव्हा गावाने त्यांना आधीच सांगितले होते. त्यांनी मला एकच विचारले, “वर लाल पिल्लं हुती का?”

“होती, आप्पा.”

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “भुकंनं नव्हता आला त्यो तुमच्या गळाला. लेकरांसाठी आला.” त्यांनी आपला तंगूस काठीला गुंडाळला आणि ते घरी गेले. त्या दिवशी त्यांनी गळ टाकला नाही. नंतरचे काही दिवस ते तलावाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागले.

पुढे हळूहळू मला समजले ते असे. पावसाळ्यात मरळीची जोडी उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून जागा करते. तेथे तरंगती अंडी घातली जातात आणि एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुढचे काही आठवडे आईबाप, त्यातही विशेषकरून नर, त्यांची राखण करतो. पिल्लांजवळ जे काही येईल, मग तो बेडूक असो, साप असो की गळ, त्यावर तो तुटून पडतो. म्हणजे मला जे कौशल्य वाटले होते त्यात कौशल्याचा अंशही नव्हता. राखणीला बसलेल्या बापाला धरणे ही जगातील सर्वांत सोपी मासेमारी आहे. बासाचा नरही असाच घरट्याची आणि पिल्लांची राखण करतो. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी त्या काळात बास धरण्यावर बंदी असते. आमच्या गावात असा कागदावरचा नियम कोणाला माहीत नव्हता. आप्पांचा नियम होता, ‘आखाडीपासून दसऱ्यापर्यंत मरळीला गळ नाही.’ तो त्यांनी मला सांगितला नव्हता, कारण गावात तो सर्वांना ठाऊकच असतो असे त्यांना वाटत होते. आणि मी विचारला नव्हता, कारण विचारण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटत नव्हते.

दसऱ्याला मी सोने द्यायला आप्पांच्या घरी गेलो. त्यांनी आपट्याचे पान घेतले, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आमच्या जुन्या जागेवर बसले. या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतरची दोन वर्षे मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. २०१४ आणि २०१५ चे पावसाळे कोरडे गेले. तलाव सांडव्यावरून वाहणे दूरच, पहिल्या वर्षी अर्धा आणि दुसऱ्या वर्षी चौथाईही भरला नाही. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल लेण्यांना गेली. सतराव्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील त्या विहारात, मार्गदर्शक मुलांना भिंतीवरच्या जातककथा सांगत होता. त्यात मत्स्यजातकाचेही नाव आले. मुले पुढे सरकली, मी मात्र ते नाव मनात ठेवले आणि नंतर ती कथा शोधून वाचली.

कथा लहानशी आहे. बोधिसत्त्व एका जन्मी मासा होते. अवर्षण पडले, तळे आटले, मासे चिखलात शिरले आणि कावळे त्यांना टोचून खाऊ लागले. तेव्हा त्या माशाने चिखल बाजूला सारून वर आकाशाकडे पाहिले आणि सत्यवचन उच्चारले. जेथे आपलेच जातभाई खाण्याची रीत आहे अशा कुळात माझा जन्म झाला, तरी तांदळाच्या दाण्याएवढा मासाही मी खाल्लेला नाही, कोणत्याही जिवाचा प्राण घेतलेला नाही. हे खरे असेल तर पाऊस पडो. आणि पाऊस पडला. मी कथा वाचली आणि माझ्या लक्षात आले की असे सत्यवचन मला उच्चारता येणार नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असल्याच्या बातम्या येत होत्या. आमचा तलाव तेव्हा एका अंगणाएवढा उरला होता. मे महिन्यात माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा होती. संस्थेच्या लोकांनी उरलेले रोहू-कटले काढून घेतले. आता गाळात केवळ मरळी होत्या. कावळे, बगळे, घारी काठावर बसून असत. मरळ ओल्या चिखलात तोंडाने हवा घेत दिवस काढते. परंतु चिखलाला भेगा पडू लागल्या की तिचाही इलाज चालत नाही.

एका पहाटे आप्पांनी माझे दार वाजवले. त्यांच्या खांद्यावर दोन भिजवलेली पोती होती. आम्ही मांडीपर्यंत गाळात उतरलो. आप्पा चिखलातील लहान भोके पाहून हात घालत आणि मरळ ओढून काढत. पहिल्या दोन माझ्या हातातून निसटल्या, तिसरी टिकली. ऊन वर येईपर्यंत सात मरळी पोत्यांत आल्या. ओल्या पोत्यात ती पाण्याविना बराच वेळ तग धरते, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. एका शेतकऱ्याच्या विहिरीत तळाला पाणी होते. त्याला विचारून आम्ही त्या तेथे सोडल्या. येताना आप्पा म्हणाले, “पेपर कधी हाय तुमचा?” मी म्हटले, परवा. “मग जा, वाचा.” 

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव भरत आला तेव्हा आम्ही विहिरीतून पाच मरळी काढून पुन्हा सोडल्या. दोन सापडल्या नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात बेशरमाच्या झुडपांपाशी मला पुन्हा एक तांबूस डाग दिसला. तो आमच्याच मरळींचा होता की सांडव्यातून चढून आलेल्या दुसऱ्या कोणाचा, हे सांगता येणार नाही. मी आप्पांना बोलावून दाखवला. त्यांची नजर तोवर मंदावली होती. “किती मोठा?” त्यांनी विचारले. मी म्हटले, सुपाएवढा.

मित्रहो, आता तुमच्याविषयी. तुमच्या गावाजवळ नदी, बंधारा किंवा पाझर तलाव असेल. काठावर जायला वय लागत नाही आणि पैसाही फार लागत नाही. परवानगी घ्या. गाळाचा अंदाज असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. नव्याने भरलेल्या तलावात काठाचा गाळ माणसाला धरून ठेवतो. विजा कडाडू लागल्या की काठी खाली ठेवून घरी जा. शिंगटा मासा काढताना त्याच्या काट्यांपासून बोटे जपा. तुटलेल्या तंगुसाचा एकही तुकडा मागे टाकू नका, कारण तो बगळ्याच्या पायात अडकतो. जेवढा मासा घरात शिजणार असेल तेवढाच घ्या; बाकीचे ओल्या हातांनी धरून पाण्यात सोडा. घ्यायचा तो मासा तडफडत ठेवू नका, लगेच मारा.

आणि त्या गावात जो माणूस आधीपासून काठावर बसला आहे, त्याच्याशी बोला. गळ कसा बांधावा हे तर विचाराच. त्याआधी, येथे गळ केव्हा टाकत नाहीत, हे विचारा. आपण उशिरा शिकायला लागलेली माणसे घाईत असतो. गेलेली वर्षे भरून काढायची असतात. मलाही घाई होती. त्या घाईची किंमत मी दिली नाही, शेकडो तांबूस पिल्लांनी दिली.

दर वर्षी आषाढ लागला की मी मरळीचा गळ पेटीत ठेवतो. तलावावर जाणे मात्र थांबत नाही. पुस्तक घेऊन जातो, बाभळीखाली बसतो आणि ऊन कोठून येते ते पाहून माझी सावली पाण्याबाहेर ठेवतो. परतताना आप्पांच्या ओट्यावर थांबून त्यांना सांगतो, आज किती डाग दिसले.

सरावासाठी

१. आप्पा लेखकाला कोणत्या गोष्टी बोलून शिकवतात आणि कोणत्या न बोलता? उदाहरणे देऊन लिहा.

२. मत्स्यजातकाचा उल्लेख या निबंधात कोणत्या ठिकाणी येतो? त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रसंगांशी त्याचा संबंध स्पष्ट करा.

३. प्रौढ वयात तुम्ही शिकलेल्या एखाद्या कामाविषयी, त्यात झालेली चूक न लपवता, सुमारे ४०० शब्दांत निबंध लिहा.